आईचा आवाज आणि जुना डेक

वडिलांनी आणलेला डबल कॅसेटचा स्टिरिओ डेक आमच्या जालन्याच्या घरात अजून आहे. १४ एप्रिलला प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्याच्यावरून साऱ्या गल्लीला ऐकू जायचा. तीन आकडी काउंटर, एका कॅसेटवरून दुसरी भरण्याची सोय, टेपची खरखर कमी करणारे डॉल्बीचे बटन, हे सारे मी लहानपणीच हाताळून शिकलो.

एका दुपारी आई आणि आत्या डाळ भरडायला जात्यावर बसल्या. वडिलांनी डेकला माइक लावून बाबासाहेबांवरच्या त्यांच्या ओव्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर घेतल्या. आई शाळेत गेलेली नव्हती. ओव्या तिला तोंडपाठ होत्या.

कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे असतात, प्रत्येक बाजूसाठी एक. तो मोडला की डेकची रेकॉर्डिंगची कळ दबतच नाही. आम्ही एकच मोडला. दुसऱ्या बाजूवर मी सिनेमाची गाणी भरली. अर्धा तास पुसला गेला. आई रागावली नाही. "पुन्हा म्हणेन रे," म्हणाली. ते राहूनच गेले. आता आई नाही.

१९९६ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी अशाच ओव्या रेकॉर्ड केल्या. त्या आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. आपल्या घरच्या ओव्या आपणच जपायच्या.

गेल्या महिन्यात डेकचा बेल्ट बदलला, हेड स्पिरिटने पुसले आणि उरलेली बाजू संगणकात उतरवली. बंधू-भगिनींनो, जुनी कॅसेट भंगारात देण्याआधी एकदा ऐका. आणि ऐकण्याआधी तिचे दोन्ही तुकडे मोडा.

जयभीम.