नसलेली नर्तिका

एलिनॉर अँटिनचे १९७३ चे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, बाई अस्सल बॅलेवाली आहे. ताठ मान, सुरेख पोझ. मग त्याच फोटोसेशनचा तिचाच व्हिडिओ पाहिला, 'कॉट इन द अ‍ॅक्ट'. बाई डुगडुगतेय, काठीच्या आधाराने तोल सांभाळतेय, पोझ क्षणभर जमली की क्लिक! (क्लायंटला डेमो आम्हीही असाच देतो. फक्त व्हिडिओ दाखवत नाही.)

अँटिन नर्तिका नव्हेच, अमेरिकन दृश्यकलावंत. पुढे तिने एक आख्खी नर्तिकाच रचली: एलिनोरा अँटिनोवा, द्यागिलेव्हच्या 'बॅले रूस'मधली कृष्णवर्णीय अमेरिकन. १९०९ ला पॅरिसमध्ये सुरू होऊन १९२९ ला द्यागिलेव्हबरोबर संपलेल्या त्या कंपनीत अशी कुणी नव्हती. १९७९ च्या 'बिफोर द रेव्होल्यूशन'मध्ये अँटिनोवाला व्हायचंय राणी मारी आंत्वानेत. वाट्याला येतात गुलाम आणि रानटी राजकन्या. स्टेजवर माणसाएवढ्या रंगवलेल्या आकृत्या, आणि सगळ्यांच्या वतीने बोलणारी ही एकटी.

हे मला भयंकर आवडलं. १९१० च्या 'शेहेराजाद'मध्ये निजिन्स्की गुलाम झाला तो अंगाला गडद रंग फासूनच. म्हणजे गोऱ्याने रंग लावून गुलाम व्हायचं, पण काळीने राणी व्हायचं नाही!

आणि इथेच माझी गाडी अडते. अँटिन स्वतः गोरी. १९८० मध्ये ती न्यूयॉर्कात तीन आठवडे कातडी रंगवून अँटिनोवा म्हणून वावरली. हेतू चांगला होता हे मान्य, पण म्हणून ते सोडून द्यावं असं काही मला वाटत नाही. रंग काय, धुतला की जातो.

कारण जवळपास खरी अँटिनोवाही होऊन गेली. रेव्हन विल्किन्सन. द्यागिलेव्हच्या पश्चात त्याचा वारसा सांगणाऱ्या 'बॅले रूस द मोंते कार्लो'ने तिला १९५५ मध्ये घेतलं. 'ले सिल्फीद'मधला वॉल्ट्झचा सोलोही ती नाचली. राणी-परीचंच काम म्हणा ना. पण अमेरिकेच्या दक्षिणेत दौरे असायचे, तेव्हा चेहऱ्यावर पांढरा मेकअप, आणि वंशाबद्दल बोलायचं नाही. एकदा अटलांटात हॉटेलमालकिणीने तोंडावरच विचारलं, तू काळी आहेस का? रंग उजळ होता, 'नाही' म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

ती हो म्हणाली. त्या हॉटेलातून तिला बाहेर पडावं लागलं.