लाइन तोडायची कुणी?

एका मोडेमवर चार संगणक चालवण्याच्या काळातली एक गोष्ट मला अजून खटकते. जोडणी लावण्यावर सगळ्यांनी डोकं लढवलं, ती तोडायची कुणी यावर मात्र फारसं कुणी नाही. १९९९ मध्ये विंडोज ९८ची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात इंटरनेट वाटून घ्यायची सोय होती. मोडेम लावलेल्या संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.०.१, बाकीचे त्याच्यामागे. कुणीही ब्राउझर उघडला की मोडेम आपणहून नंबर फिरवणार. छोट्या कचेऱ्यांना ही चैन वाटली, मलाही वाटली. पण फोनचं मीटर वेळेनुसार पळत होतं. खर्चाचा निर्णय चौघांत विखुरला आणि बिल एकाच नंबरवर आलं.

शिवाय नंबर फिरायला माणूस लागतोच असं नव्हतं. विंडोजचे संगणक एकमेकांची नावं शोधत नेटवर्कवर सतत पुकारा करतात. त्यातली एखादी चौकशी बाहेरच्या सर्व्हरकडे निघाली की मोडेमच्या लेखी ते काम, आणि लागली लाइन! ठरावीक वेळाने मेल तपासणारा प्रोग्रामही तेच करी. वापर नसेल तर आपोआप तोडण्याची सोय होती की, असं कुणी म्हणेल. होती, पण हीच चौकशी, हाच मेल-तपास त्या सोयीचं घड्याळ पुन्हा शून्यावर नेई. लिनक्सवर जोडणी सांभाळणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रामला अशी पॅकेट वापर म्हणून मोजू नकोस असं सांगता येई, मात्र त्यासाठी फिल्टर लिहावा लागे. जिथे मोडेमचे दिवे का लुकलुकतात हेच कुणाला ठाऊक नाही, तिथे तो लिहिणार कोण? मग बिल फुगलं की संशय सर्वांत कनिष्ठ माणसावर, कारण संध्याकाळी उशिरापर्यंत बसलेला तोच दिसतो. कुठल्या संगणकाच्या मागणीवरून नंबर फिरला हे त्याला दाखवताही येत नसे. बिलाचे पैसे एकदाचे भरले जातात. असा संशय मात्र माणसाला चिकटतो, आणि तो यंत्राच्या बडबडीमुळे, याची मला जास्त चीड येते.

मग एकाच जबाबदार माणसाच्या हाती बटण द्यावं, असा तोडगा निघे. तोही लंगडाच. ५६ केच्या व्ही.९० मोडेमवर ५६चा वेग फक्त येणाऱ्या माहितीला, तोही कागदावर. पाठवताना कमाल ३३.६ के. एक एमबीची फाइल जोडलेली मेल चांगल्या लाइनवरही चार-पाच मिनिटं घेई. ती जवळजवळ गेलेली असताना पलीकडच्या टेबलावरून लाइन तोडली, की मेल पुन्हा पहिल्यापासून, आणि मीटरही. म्हणजे लावणं कुणाच्याही हाती असावं, पण हाताने. तोडणं मात्र कोण चालू आहे ते बघूनच. ‘तोडू का?’ अशी खोलीभर हाक मारणं मला तेव्हा गावंढळ वाटे. खरं तर त्या सगळ्या सोयींत चौघांचं काम एकदम लक्षात घेणारी ती एकच होती.

आज मोबाइलचा हॉटस्पॉट चौघांना देतानाही मोजणी एकाच्याच डेटावर होते. विंडोजमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड’ अशी खूण करता येते. केली की बरेचसे अपडेट थांबतात. दुसऱ्याचा हॉटस्पॉट घेतलात, तर आधी ती खूण करा आणि मग ब्राउझर उघडा.