तांबडी रेघ

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे त्या वस्तूपेक्षां घरांतल्या माणसांचीच परीक्षा अधिक होते, असा आमचा अनुभव आहे. भिंतीवरचें घड्याळ बंद पडलें कीं त्याला कान लावून बसणारा, त्यास दोन थापा देऊन पाहणारा आणि "नवें आणा" म्हणून मोकळा होणारा, असे तीन स्वभाव एकाच कुटुंबांत निघतात. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या संगणकावरील, पत्रें, हिशेब व लेख लिहिण्याचें सॉफ्टवेअर बंद पडलें, तेव्हां या तिन्ही भूमिका आम्ही एकट्यानेंच आळीपाळीनें वठविल्या.

घडलें तें असें. संध्याकाळीं पाऊस कोसळत असतां वीज गेली आणि पडद्यावर उघडें असलेलें लेखन डोळ्यांदेखत काळोखांत बुडालें. वीज परत आली, संगणकहि सुरू झाला. परंतु सॉफ्टवेअर उघडूं जातां त्याचें चिन्ह क्षणभर दिसे, खालची रेघ अर्ध्यावर सरके आणि सारें नाहींसें होई. काय चुकलें हें सांगणारा एक शब्दहि नाहीं! पाहुण्यानें उंबरठ्यावर यावें आणि न बोलतां परत फिरावें, तसा तो प्रकार होता. आम्हीं संगणक बंद करून पुन्हां सुरू केला. मग तें सॉफ्टवेअर काढून नव्यानें बसविलें. एकदां नव्हे, तीनदां. दर वेळीं तेंच चिन्ह, तीच अर्धी रेघ आणि तेंच अंतर्धान.

एरवीं आम्ही इतके कासावीस झालों नसतों. परंतु त्या संगणकांत नानांच्या आठवणी होत्या. आमचे वडील आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत रोज दिवेलागणीला आपल्या कोंकणांतील बालपणाच्या गोष्टी सांगत आणि आम्ही त्या टंकित करीत असूं. आतां नाना नाहींत. त्यांच्या वर्षश्राद्धास त्या आठवणींचें लहानसें पुस्तक आप्तेष्टांच्या हातीं द्यावें, असें आम्हीं योजिलें होतें. शेजारच्या एका गृहस्थांनीं संगणक पार पुसून कोरा करण्याचा सल्ला दिला, तेव्हां आमच्या काळजाचा ठोका चुकला.

अखेर पुण्यास असणाऱ्या पुतणीला आम्हीं फोन केला. ती याच व्यवसायांतली. ती म्हणाली, "काका, सॉफ्टवेअरचं मागाहून बघू. आधी आजोबांचा मजकूर सुखरूप आहे का, ते पाहू." तिनें आम्हांस त्या फाइलीची एक प्रत काढावयास लाविली आणि प्रतीच्या नांवांतील शेवटचीं 'ओडीटी' हीं अक्षरें बदलून 'झिप' असें लिहावयास सांगितलें. या जातीच्या फाइलींची घडण 'ओपन डॉक्युमेंट' या नांवानें ओळखली जाते, आणि 2006 सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. अशी फाइल म्हणजे वस्तुतः एक गांठोडेंच असतें. मजकूर एका कप्प्यांत, अक्षरांचे थाट दुसऱ्यांत, चित्रें तिसऱ्यांत. आम्हीं तें गांठोडें सोडलें, मजकुराचा कप्पा साध्या टिपणवहीच्या सॉफ्टवेअरमध्यें उघडला, आणि खुणांच्या जंजाळांतून नानांचें पहिलें वाक्य आमच्याकडे पाहूं लागलें. त्या रात्रीं आम्हांस प्रथमच झोंप लागली.

दुसऱ्या दिवशीं बिघाडाचें मूळ निघालें. "तुम्ही सॉफ्टवेअर तीनदा काढलंत, पण तुमचं प्रोफाइल तिथंच राहिलं, काका," पुतणी म्हणाली. विंडोजमध्यें प्रत्येक वापरणाऱ्याच्या नांवें 'ॲपडेटा' म्हणून एक लपलेला फोल्डर असतो. आपण कोणता टंक पसंत केला, कोणतीं बटणें कोठें मांडलीं, अलीकडे कोणत्या फाइली उघडल्या, याची नोंद सॉफ्टवेअर तेथें ठेवितें आणि उघडतांना प्रथम तीच वाचतें. लिहितां लिहितां वीज गेली तर ती नोंद अर्धवट राहूं शकते, आणि मग तें उंबरठ्यावरच अडखळतें. सॉफ्टवेअर काढून टाकतांना बहुधा या फोल्डरास हात लावीत नाहींत. कारण तें धन वापरणाऱ्याचें मानिलें जातें. थोडक्यांत, आम्हीं घर तीनदां पाडून बांधलें, परंतु कीड आमच्याच पेटींत होती.

"मग तो फोल्डर पुसून टाकूं काय?" आम्हीं उतावळेपणानें विचारिलें.

"अजिबात नाही. त्याचं फक्त नाव बदला. जुना सापडला नाही की ते नवा तयार करील."

नांव बदललें. चिन्ह दिसलें, रेघ टोंकापर्यंत गेली आणि सॉफ्टवेअर उघडलें. आनंदाच्या भरांत आम्हीं नानांच्या आठवणी उघडल्या, आणि पाहतों तों पानभर तांबड्या रेघा!

या रेघा ओढणारें जें तंत्र आहे, त्याचें नांव हनस्पेल. तें मूळ हंगेरियन भाषेसाठीं रचलें गेलें. शब्दास प्रत्ययावर प्रत्यय लावण्याची खोड त्या भाषेसहि असल्यामुळें मराठीशीं त्याचें बरें जमतें. परंतु यादींत जे शब्द असतील तेवढेच त्यास ठाऊक. नाना कुणगा म्हणत, तरवा म्हणत, पाखाडी, गडगा, उडवी, इरलें म्हणत. दर वेळीं तांबडी रेघ उमटे आणि आम्ही थबकून विचारूं, "नाना, हा शब्द बरोबर आहे ना?" नाना चिडून म्हणत, "तुझ्या यंत्राला म्हणावं, कधी चिखलात उतरला होतास का?" मग आम्ही तो शब्द सॉफ्टवेअरच्या खाजगी कोशांत घालीत असूं. कुणगा घातला तरी 'कुणग्यांत' अडे. तोहि निराळा घालावा लागे. अशा रीतीनें दोन वर्षांत त्या यंत्रास आम्हीं नानांची भाषा शिकविली होती, आणि तो कोश त्याच जुन्या फोल्डरांत होता. तो आम्ही पुसावयास निघालों होतों!

पुतणीनें सांगितल्याप्रमाणें जुन्या फोल्डरांतून तेवढी एक फाइल आम्हीं नव्यांत आणून ठेविली. एक एक करून तांबड्या रेघा मावळल्या. कुतूहलानें ती फाइल उघडून पाहिली. एका ओळीवर एक शब्द, अशी ती साधी यादी. ती वाचतां वाचतां रात्र झाली. आठवणींत नाना बेतानें बोलत. या यादींत ते अंगणांत उभे राहून हांका मारीत आहेत असें वाटलें. त्यांत गाईचें नांव होतें, ओढ्याचें नांव होतें, आणि 'खुरवण' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ आम्हांस आठवेना. सबंध आठवणींत तो शोधला, तेथेंहि नाहीं. ज्या वाक्यांत तो आला असेल, तें वाक्य नानांनीं मागाहून गाळावयास लाविलें असावें. कदाचित् तो शब्दच नसेल, आमच्या बोटांचा प्रमाद असेल. विचारावें तर आतां कोणास?

पुस्तक आतां छापावयास जाईल. शेवटीं ती शब्दांची यादी अर्थांसह जोडण्याचें आम्हीं ठरविलें आहे. 'खुरवण' पुढील जागा कोरी राहील. गांवचा एखादा वृद्ध ती भरील, अशी आशा आहे. आणि ज्यांच्या घरीं असाच बिघाड होईल, त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, जुनें तें पुसण्यापूर्वीं त्याचें नांव बदलून चार दिवस बाजूस ठेवावें. त्यांत आपलें काय राहिलें आहे, हें पुष्कळदां मागाहूनच कळतें.