राखीव दिवसाबद्दल सिंगलीलाबाईंना

तीर्थरूप सिंगलीलाबाईंना,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, येत्या नोव्हेंबरात आम्ही पाच टाळकी पुन्हा आपल्या अंगाखांद्यावर यायचं म्हणतो आहोत. मानेभंजन, टुमलिंग, कालीपोखरी, संदकफू, फालूट आणि तिथून खाली गोर्खे, असा सरळ आपल्या डोंगरधारेवरून बेत आहे. इकडे सर्व कुशल. गुडघ्यांचं तेवढं विचारू नका.

आपल्याकडे यायचं म्हणजे तयारी किती, हे आपल्याला कधी कळायचं नाही. विमानात गॅसचा डबा चालत नाही, म्हणून स्टोव्ह न्यायचा की घरीच ठेवायचा यावर दोन रविवार गेले. शेवटी मुक्काम लॉजवर आणि पाठीवर फक्त कोरडा शिधा असं ठरलं: दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट. मानेभंजनला वाटाड्या घ्यावाच लागतो, ओळखपत्रं तपासणीच्या प्रत्येक चौकीवर काढावी लागतात. त्याबद्दल तक्रार नाही. पोटजातीसकट कुंडली मागणारी स्थळं आम्ही पाहिली आहेत.

तक्रार आहे ती पाण्याची. सह्याद्रीत निदान किल्ल्यावर टाकं असतं, गाळ असेना का त्यात. आपलं सगळंच न्यारं. आपल्या माथ्यावर पडलेला थेंब एक तर नेपाळात घरंगळतो, नाही तर बंगालात. थांबेल तर शपथ. कालीपोखरीचं तळं आहे, पण ते पवित्र, त्याला बाटली लावायची नाही. संदकफू ते फालूट 21 किलोमीटर, आणि मध्ये सबरग्राम येईपर्यंत पाण्याचा भरवसा नाही. म्हणजे माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो, म्हणजे माझे जास्तीचे लोकरी मोजे बाद. रात्री 3,600 मीटरवर पाय गारठले की मी कोणाचं नाव घेईन, ते आपण ओळखलं असेलच.

दुसरी तक्रार जरा नाजूक आहे. संदकफूपर्यंत गाडी येऊ देता, ते ठीक. मानेभंजनच्या 1950 च्या दशकातल्या लँड रोव्हर अजून धापा टाकत चढतात, त्यांचं कौतुकच आहे. पण टुमलिंगहून गैरीबासला उतरवून, कमावलेली सगळी उंची हिसकावून घेऊन, बिखेभंजनच्या पुढचा तो खडा चढ आमच्याकडून पायी करवून घ्यायचा आणि वर इस्त्रीची शाल पांघरून चहा पिणाऱ्या मंडळींना तोच सूर्योदय दाखवायचा, हा कुठला न्याय? निदान एव्हरेस्टच्या बाबतीत तरी भेदभाव करा. एरवीही 140 किलोमीटरवरून ते मकालूच्या आड इतकं अंग चोरून उभं असतं, की नवख्या माणसाला बोट धरून दाखवावं लागतं. कांचनजंगा मात्र कोणाचीही ओळख न मागता समोर पसरलेली असते.

आठवतं ना, टुमलिंगची ती पहाट? निम्म्या फोनांनी रात्रीत नेपाळचा टॉवर धरला आणि घड्याळं 15 मिनिटं पुढे सरकली. एकीचा गजर वाजला, ती बूट घालून दारात उभी. दुसरी रजईतून ओरडली, ‘अगं, अजून वेळ आहे!’ दोघींचं बरोबर होतं. एक नेपाळात उठली होती, दुसरी भारतात झोपली होती. भांडण मिटेपर्यंत ढग आले. आपण गालात हसलात, अशी माझी पक्की खात्री आहे.

आता मूळ मुद्दा. आमच्या वेळापत्रकात फालूटपुढे मी एक दिवस कोरा ठेवला आहे. त्यावरून घरात आणि व्हॉट्सअॅपवर महाभारत चालू आहे. ‘त्या दिवशी काय बघायचंय?’ काही नाही. ‘मग रजा कशाला फुकट घालवायची?’ अहो, उंचीनं डोकं चढलं, ओकारी आली, तर कालीपोखरीला आणखी एक रात्र काढता यावी म्हणून. धुकं बसलं तर परतीच्या तिकिटाच्या धाकानं कोणी धारेवरून धावू नये म्हणून. आपल्यावर चालताना एकदा पुढे निघालं की दर दोन तासांनी खाली सुटायला वाट नसते, हे कळसूबाईला जाऊन दुपारी परतणाऱ्यांना कसं सांगू? मानेभंजनलाच माणूस कळसूबाईच्या माथ्याहून वर उभा असतो. 1848 साली वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरसाहेब टुमलिंगजवळच्या टोंगलूवर आले, तेव्हा त्यांनाही ढगापावसाने सोडलं नव्हतं. आणि त्यांच्याकडे हमालांचा ताफा होता.

तर विनंती एवढीच. यंदा हवामान बरं ठेवा, असं मागत नाही. तो आपला अधिकार. आमच्यातल्या धाकट्याला मात्र पहिल्या दोन दिवसांत थोडं तंगवा. जास्त नको, डोकं जरासं दुखेल इतपत. म्हणजे तोच स्वतः म्हणेल की हा दिवस राहू दे.

लाडवांतले दोन आपल्या नावाचे काढून ठेवले आहेत. वाऱ्याने उडवून न्यावेत, कागद मात्र परत करावा. कचरा आम्हाला खाली आणायचा असतो.

आपली नम्र,
ठाण्याची एक सॅकवाली

ता. क. गोर्खेचा उतार हजार मीटरांहून जास्त आहे, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आपणही बोलू नये.