ट्रान्सफॉर्मरचा ताप

६ जानेवारी, चितेगाव
तात्यांनी वडिलांचा पाच व्हॉल्व्हचा रेडिओ आणून दिला. आवाज घोगरा. पंधरा-वीस मिनिटांत पॉवर ट्रान्सफॉर्मर हात लावू देत नाही, वार्निशचा वास सुटतो. तात्यांचा निकाल तयार: "ट्रान्सफॉर्मरच बदलून टाक." पण दोष दुसरीकडे असला तर नवाही जळायचा.

माझी उमेदीची वर्षं इथल्या व्हिडिओकॉनमध्ये टीव्हीच्या लाइनवर गेली. टीव्हीतला लाइन ट्रान्सफॉर्मर १५,६२५ हर्ट्झवर चालायचा. म्हणून फेराइटचा, मुठीत मावणारा. हा ५० हर्ट्झचा, लोखंडी पत्र्यांचा, विटेएवढा जड. कोमट होणारच, चटका बसायला नको.

७ जानेवारी
रेक्टिफायर ईझेड-८० काढून ठेवला. उरला फक्त फिलामेंटचा लोड: चार व्हॉल्व्ह मिळून ६.३ व्होल्टवर १.७१ अँपिअर, म्हणजे ११ वॉटच्या आत. आधी ६० वॉटच्या सिरीज बल्बवर लावला. बल्ब नुसता मिणमिणला, तेव्हा थेट मेनवर दिला. तासाभराने ट्रान्सफॉर्मर कोमट. आतले वेढे शॉर्ट असते तर लोड नसतानाही तापला असता. गडबड रेक्टिफायरच्या पुढे आहे.

८ जानेवारी
रेक्टिफायर परत बसवला. आउटपुटच्या ईएल-८४ ला कॅथोडवर १५० ओहमचा रेझिस्टर. त्यावर १२ व्होल्ट. म्हणजे ८० मिलिअँपिअर. हवेत पन्नासच्या आसपास. ग्रिडवर शून्य हवं, तिथे धन ७. व्हॉल्व्ह उपसला तरी सॉकेटवर धन व्होल्टेज आहेच, म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. आधीच्या प्लेटवरून फक्त आवाज पुढे द्यायचा, तो कागदी कंडेन्सर डीसीही सोडतोय. घोगरेपणा त्याचाच, तापही त्याचाच.

प्लग काढला, फिल्टर कंडेन्सर रेझिस्टर लावून रिकामे केले, मगच आत हात घातला. ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर टाकला. कॅथोडवर आता साडेसात.

९ जानेवारी
तरी थोडा जास्तच तापतोय. लाइन मोजली: २४५. सेटमागची व्होल्टेजची चकती २२० वर! फिलामेंटना ७ व्होल्ट मिळत होते. चकती २४५ वर नेली. दोन तास चालवला; आता हात निवांत टेकवता येतो.

प्रायमरीला अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घातला. उद्या रेक्टिफायर शॉर्ट झालाच तर आधी फ्यूज जाईल.

तात्या खूश, पण लगेच पुढची तक्रार: "सुई सरकत नाही." डायलचा दोरा बदलायला घेतो.