चाकोरीबाहेर ११ मिलिमीटर

'चाकोरीबाहेरचा' हे विशेषण आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचे फार लाडके. कवी चाकोरीबाहेरचा, कथा चाकोरीबाहेरची, आणि नायिका तर बोलूनचालूनच चाकोरीबाहेरची! विद्यार्थी तो शब्द उत्तरपत्रिकेत जसाच्या तसा उतरवतात आणि आम्ही त्याला अर्धा गुण देतो. पण चाकोरी म्हणजे मुळात बैलगाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेली घळ, हे देणाऱ्याच्या लक्षात नसते आणि घेणाऱ्याच्याही. मऊ मातीच्या वाटेवर अशा दोन घळी एकदा पडल्या, की मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीची चाके त्यांतूनच जायची. सुताराने हौसेखातर आख चार बोटे लांब केला, तर एक चाक घळीत आणि दुसरे उंचवट्यावर! चाकोरीबाहेर जाणे हा त्या गाडीवानाच्या दृष्टीने प्रतिभेचा नव्हे, बैलाच्या मानेचा प्रश्न होता.

हे सारे गेल्या दिवाळीच्या तोंडावर मला नव्याने आठवले, ते आमच्या भाच्यामुळे. वय २३, नोकरी लागून दीड वर्ष. भाऊजींनी ९ वर्षे तळहाताच्या फोडासारखी जपलेली लहानशी मोटार आता त्याच्याकडे आली आहे. गाडीत दोष काही नाही. पण हा गाडीभोवती फिरून म्हणतो, "मामा, चाकं बघ ना कशी आत गेलीत! कवळी काढलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारखी." चाकाची बाहेरची कड आणि वरच्या मडगार्डची कड एका ओळीत यावी, अशी त्याची इच्छा. ही मुले याला 'फ्लश' म्हणतात. त्याने नाना पेठेत चौकशी केली. एका दुकानदाराने २० मिलिमीटर जाडीच्या चार अॅल्युमिनियमच्या चकत्या, म्हणजे स्पेसर, पुढे केले आणि सांगितले, "चाकामागे घालायचे, अर्ध्या तासात काम."

भाऊजी एवढेच म्हणाले, "ज्या दिवशी त्या चकत्या बसतील, त्या दिवसापासून मी गाडीत बसणार नाही." त्यानंतर १२ दिवस बाप-लेक एकमेकांशी बोलेनात. दिवाळीला त्याच गाडीतून आजीला घेऊन कोल्हापूरला जायचे ठरलेले. ताईचा फोन आला, "तू मामा आहेस, काहीतरी कर." मामा हे पद मुंजीनंतर अशाच कामासाठी शिल्लक उरलेले असते.

माझे मत विचाराल तर पोराची इच्छा मला मुळीच खुळी वाटली नाही. ओळ समासापर्यंत येऊन नेमकी थांबली की पान शोभते; लुगड्याचा काठ पावलाशी बरोबर आला की नेसण शोभते. चाकाने मडगार्डशी ओळ धरावी असे वाटणे त्याच जातीचे. प्रश्न एवढाच, की ती ओळ साधायची कशाने?

मग आम्ही दोघे त्या विषयाच्या मागेच लागलो. चाकाचा धातूचा भाग म्हणजे एक रुंद कडे आणि त्याच्या आत एक आडवा पडदा. त्या पडद्याला भोके असतात आणि तोच गाडीच्या हबला नटांनी आवळला जातो. हा पडदा कड्याच्या बरोबर मध्यावर नसतो. मध्यापासून तो जितका सरकलेला, तितका त्या चाकाचा ऑफसेट. पडदा बाहेरच्या अंगाला असला तर आकडा अधिक, आणि चाक तितके आत बसते. आकड्यामागे 'ईटी' ही अक्षरे असतात. ती 'आइनप्रेसटीफे' या जर्मन शब्दावरून आली. अर्थ, दाबून बसवण्याची खोली. वा! शब्द असा असावा. आमच्या चाकावर होते ईटी ४५ आणि रुंदी साडेपाच इंच. मागे २० मिलिमीटरची चकती घातली की ४५चे झाले २५. वजाबाकी सोपी, गाडीच्या हाडांना ती सोसणे तितके सोपे नाही.

जात्याचा खुंटा मध्यावर न ठेवता कडेला का ठोकतात, हे ज्यांनी जाते ओढले आहे त्यांना सांगायला नको. मध्यापासून लांब गेले की थोड्या जोरात दगड फिरतो. पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते, त्या आसाची रेघ खाली वाढवली तर ती टायरच्या मध्याजवळच जमिनीला टेकावी, असा हिशेब कारखान्यात केलेला असतो. टायर २० मिलिमीटर बाहेर काढला, की रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याच्या हाती आपण जात्याचा खुंटा देतो. खड्डा चाकाला धक्का देतो आणि स्टिअरिंग हातातून हिसकले जाते. ब्रेक लावताना एक चाक ओल्यावर आणि एक कोरड्यावर असले, तरी तेच. शिवाय बेअरिंगवरचा भार लांबून येऊ लागतो, ते वेगळेच.

"मग ५ मिलिमीटरच घालू," भाचा म्हणाला. वरकरणी हे किती शहाणपणाचे वाटते! पण पातळ चकती जास्त फसवी. ती मूळच्याच बोल्टांवर चढते आणि त्यांची लांबी खाते. आमचे बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचे, आट्याआट्यातले अंतर सव्वा मिलिमीटर. बोल्ट जितका जाड, निदान तितकी लांबी नटात गेली पाहिजे, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. म्हणजे जवळजवळ १० फेरे. आमचा नट मोजून ११ फेरे घेत होता. ५ मिलिमीटरच्या चकतीने त्यांतले ४ गिळले, की उरले ७! चाक चार नटांवर, आणि प्रत्येक नट ७ फेऱ्यांवर. लांब बोल्ट घातल्याशिवाय ती चकती घालणे म्हणजे जीव टांगणीला लावणे. आणखी एक गोष्ट. हबच्या मध्यावर एक उंच ओठ असतो, त्यावर चाकाचे मधले भोक घट्ट बसते आणि चाक मध्यावर राहते. साध्या चकतीने तो ओठ झाकला गेला, तर चाक मध्यावर ठेवायचे कामही नटांवर पडते. जाड स्पेसरला स्वतःचे बोल्ट आणि स्वतःचा ओठ असतो. चांगल्या घडणीचे असे स्पेसर जगात पुष्कळ गाड्यांवर चालतात. पण जात्याचा खुंटा तिथेही सुटत नाही.

कायदा भाऊजींनीच काढून दाखवला. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२. मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, हा जानेवारी २०१९मधला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बेकायदा बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अर्थात हे सर्व त्यांनी मला सांगितले, मुलाला नव्हे. मुलगा शेजारच्याच खुर्चीवर होता.

रविवारी आम्ही गवंड्याचा ओळंबा आणून मडगार्डवरून सोडला. टायरच्या फुगवट्यापासून दोरी पुढे १८ मिलिमीटर, मागे २५. आकडे कागदावर मांडता मांडता भाचाच एकदम थांबला. म्हणाला, "मामा, डोळ्याला दिसते ती चाकाची कड. पण वजन पडतं ते मध्यावर. कड बाहेर आणायला मध्य कशाला हलवायचा?" चाक थोडे रुंद घेतले तर? त्याच गाडीच्या वरच्या नमुन्याला कंपनी स्वतः ६ इंच रुंदीचे, ईटी ४०चे चाक देते, टायरचे माप तेच. हिशेब केला: मध्य हलतो फक्त ५ मिलिमीटर, आतली कड आत जाते जेमतेम दीड, आणि बाहेरची कड बाहेर येते ११! टायरचा फुगवटा तेवढा येत नाही, सात-आठच. म्हणजे पुढे १०-११ आणि मागे १७-१८ मिलिमीटर अजून उरतातच. पोराचा चेहरा थोडा उतरला, पण आकड्यांशी भांडण्याइतका तो अडाणी नाही. चाक कंपनीचेच म्हटल्यावर भाऊजींचा आवाजही खाली आला.

चाके बसली त्या संध्याकाळी भाऊजींनी परीक्षा घेतली. टायरच्या खांद्यांना गेरू फासला आणि गाडीत आम्ही पाच जण बसलो, मांडीवर लाडवांचे डबे घेऊन आजीसुद्धा. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत सोसायटीच्या गतिरोधकावरून गाडी चार वेळा नेली. रिकामी गाडी कधीच घासत नाही. घासते ती भरलेली, वळताना आणि आदळताना. आजी म्हणाली, "कोल्हापूर आलं का?" उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर मडगार्डच्या आत गेरूचा ठिपका नव्हता.

नवी चाके बसवल्यावर शंभरएक किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून पाहायचे असतात. दिवाळीला निघालो तेव्हा शिरवळला चहासाठी थांबलो, तर भाऊजींनी डिकीतून टॉर्क पाना काढला आणि मुलाला हाक मारली. एक नट झाला की त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन. मुलगा पाना ओढी आणि भाऊजी क्रम सांगत. चारही चाके झाल्यावर ते चार पावले मागे गेले, मान तिरकी करून पाहत राहिले, आणि म्हणाले, "मागची अजून जरा आतच वाटतात, नाही रे?"