पाव सेकंद

जिला छप्पर नाही, धड दारं नाहीत, सामान ठेवायला जागा नाही अशी गाडी मी विकत घेतली, तीही सुट्या भागांत, आणि वर दोन हिवाळे गॅरेजमध्ये कुडकुडत स्वतःच जोडली, हे आमच्या घरात अजून कुणाला नीट पटलेलं नाही. सांगलीहून फोन आला की आई हवापाण्यानंतर विचारतेच, "ती तुझी पत्र्याची होडी अजून आहे का रे?" आहे. छान चाललीय. आज तिच्याबद्दल आणि शेजारच्या आजोबांच्या गाडीबद्दल लिहायचं आहे. ज्यांना गाड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुढच्या वेळी यावं, तेव्हा थालीपिठावर लिहीन :)

तर ही गाडी म्हणजे केटरहॅम सेव्हन. मूळ लोटस सेव्हन, कॉलिन चॅपमनची, १९५७ सालची. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोटस ती भागांत विकायची. जोडण्याच्या सूचना मात्र सोबत देता येत नसत. म्हणून म्हणे त्यांनी गाडी सुटी कशी करायची त्याचं पुस्तक दिलं, गिऱ्हाइकाने ते उलटं वाचायचं! गोष्ट किती खरी देव जाणे, पण ऐकली की मला आपल्याकडचा एखादा मुरलेला व्यापारीच आठवतो. १९७३ साली लोटसने ही गाडी सोडली आणि केटरहॅमने घेतली. पुढे ऐंशीच्या दशकात वेस्टफील्ड नावाच्या कंपनीने जवळजवळ तशीच गाडी काढली, ते प्रकरण कोर्टात गेलं, आणि वेस्टफील्डला आपली गाडी वेगळी करावी लागली. तेव्हापासून सेव्हनवाले आणि वेस्टफील्डवाले यांचं आपल्या पुणे-मुंबईसारखं आहे. समोर असले की गोड, पाठ फिरली की सुरू.

माझी केटरहॅम आणि आजोबांची वेस्टफील्ड. त्यांना मी इथल्या रिवाजाप्रमाणे नावानेच हाक मारतो, पण वयाने पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाबद्दल मराठीत तसं लिहायला हात धजत नाही, म्हणून आजोबा. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेला माणूस. वेस्टफील्डचा कारखाना आमच्या घरापासून फार लांब नव्हता. आजोबा स्वतःची व्हॅन घेऊन जाऊन भाग आणायचे. माझी गाडी जोडताना अडलो की मी कुंपणावरून हाक मारायचो, आणि ते पाना हातात घेऊनच यायचे.

गेल्या वसंतात त्यांनी गाडी चालवणं सोडलं. इथे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवाना नव्याने घ्यावा लागतो आणि वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध एक धूसर डाग आला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. कुणी सांगायची वाट न बघता त्यांनी परवाना परत पाठवून दिला. मग मुलीने गाडी विकायची जाहिरात दिली, आणि फोनवरचे लोक बोलायला लागले: वेस्टफील्ड ना? घरी जोडलेली ना? केटरहॅम असती तर गोष्ट वेगळी. बाजारात हा फरक खराच आहे, केटरहॅमला भाव जास्त येतो. त्यात २०२२ साली वेस्टफील्ड कंपनी डबघाईला आली, पुढे ते नाव दुसऱ्यांनी घेतलं. आजोबा भावाबद्दल काही बोलले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "विकण्याआधी मला कळलं पाहिजे मी काय बनवलंय. दोन्ही गाड्या तू चालव आणि आकडा सांग. खरा सांग."

त्यांची मुलगी मला निघताना हळूच म्हणाली, "त्यांची जास्त पळते म्हणून सांगितलंस तरी चालेल." मी काहीच बोललो नाही.

आता आकडा काढायचा म्हणजे कसा? लोकांना वाटतं, ट्रॅकवर नेली, घड्याळ लावलं, झालं. इथल्या ट्रॅक डेला बहुधा घड्याळ लावायची परवानगीच नसते, विम्याचं कारण असतं. त्यापेक्षा स्प्रिंट बरी. एका वेळी एकच गाडी, उभ्या अवस्थेतून सुटायचं, आणि वेळ शतांश सेकंदापर्यंत मोजतात. लिचफिल्डजवळ करबरो नावाचा अगदी छोटा ट्रॅक आहे, तिथे सरावाच्या दिवशी आम्ही दोन्ही गाड्या नेल्या. एक मी, एक माझा ऑफिसातला मित्र. आजोबा माझ्या शेजारी बसून आले, मांडीवर वही.

कागदावर दोन्ही गाड्या सख्ख्या बहिणी. माझीचं इंजिन १.६ लिटर, १२५ अश्वशक्ती. त्यांचं फोर्डचं झेटेक, २ लिटर, १३० च्या आसपास. माझी साडेपाचशे किलो, त्यांची चाळीसेक किलो जास्त, कारण वेस्टफील्ड रुंद असते आणि बसायला ऐसपैस. (मारुती ८०० सुद्धा साधारण ६५० किलोची होती आणि तिची अश्वशक्ती चाळिशीच्या आत होती, म्हणजे अंदाज येईल.) हलकेपणाचं काम असं की तो तिन्ही ठिकाणी उपयोगी पडतो: सुटताना, ब्रेक मारताना आणि वळताना. २००८ साली टॉप गिअरच्या ट्रॅकवर केटरहॅमच्या आर ५०० ने १ मिनिट १७.९ सेकंदांत फेरी मारली. हजार अश्वशक्तीच्या बुगाटी व्हेरॉनला १८.३ लागले होते. लांब सरळ रस्ता मिळाला असता तर बुगाटी कुठच्या कुठे गेली असती, कारण सेव्हनचा आकार हवेला कपाटासारखा आडवा येतो. पण वळणांच्या ट्रॅकवर कपाट जिंकतं!

मागच्या चाकांची रचना मात्र दोघींची वेगळी. केटरहॅममध्ये दोन्ही मागची चाकं एका नळीने जोडलेली असतात, डी डियन म्हणतात त्याला, म्हणून गाडी वळणावर कलली तरी टायर जमिनीवर सपाट राहतो. वेस्टफील्डचं प्रत्येक चाक स्वतंत्र, खड्ड्यांच्या रस्त्यावर ती सुखाची. यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मीही घातलेत.

सकाळी एकदा माझी, मग दोनदा त्यांची, मग पुन्हा माझी, अशा क्रमाने फेऱ्या मारल्या, म्हणजे ट्रॅक तापत गेल्याचा फायदा एकाच गाडीला मिळू नये. पहिल्या, थंड टायरच्या फेऱ्या सोडून दिल्या. सरासरी काढली. वेस्टफील्ड ०.९ सेकंद मागे. एवढ्याशा ट्रॅकवर पाऊण सेकंदाहून जास्त म्हणजे फार झालं.

आजोबांना आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "टायर बघ." टायरच्या भिंतीवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यांच्या टायरवर साल होतं २०१४. नक्षी शाबूत, पण रबर कडक झालेलं. माझे एका मोसमाचे. मग जेवण बाजूला ठेवून आम्ही चाकं अदलाबदल केली. दोन्हींची मुळं फोर्डच्या भागांत असल्यामुळे बसली. दुपारी पुन्हा तोच क्रम. आता वेस्टफील्ड ०.४ सेकंद पुढे!

गणित सोपं आहे. टायरचा फरक ०.६५ चा, आणि गाडीचा स्वतःचा ०.२५ चा. म्हणजे त्यांची गाडी पाव सेकंद मागे. पण मी एकाच गाडीत पाठोपाठ दोन फेऱ्या मारतो तेव्हासुद्धा तीन दशांशाचा फरक पडतो. सरासरीने तो थोडा कमी होतो, नाहीसा होत नाही. मग ज्या वादात आम्ही रात्री घालवल्या, तो वाद माझ्या उजव्या पायाच्या लहरीपेक्षा लहान निघाला. आणि टायर दुकानात मिळतात.

सगळे आकडे, सकाळचे धरून, मी त्यांना वाचून दाखवले. ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हेअरपिनच्या ब्रेकला दर वेळी एक चाक ओरडतं. माझ्या गाडीतच. डावं पुढचं."

मला ते जाणवलं होतं, पण वहीत लिहिलं नव्हतं. त्यांना तर ते दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं, कुंपणापाशी उभं राहून.

"तुझं वजन किती?"

अठ्ठ्याऐंशी, मी म्हटलं. (आई, वाचत असशील तर ही बुटांसकट.)

"माझं बासष्ट," ते म्हणाले.

साडेपाचशे-सहाशे किलोच्या गाडीत माणूस म्हणजे नुसता माणूस नसतो, तो गाडीचा एक भाग असतो. अशा गाडीला चारही चाकांखाली काटे ठेवून, चालक आत बसवून तोलतात. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून निम्मा भार आला पाहिजे, तसं येईपर्यंत स्प्रिंगखालच्या कड्या फिरवतात. आजोबांनी ती गाडी बासष्ट किलोच्या माणसासाठी तोलली होती. मी सव्वीस किलो जास्तीचे घेऊन उजवीकडे बसलो, तोल गेला, डावं पुढचं चाक हलकं पडलं आणि आधी घसरलं. म्हणजे माझा पाव सेकंद त्यांच्या गाडीचा नव्हताच, किंवा सगळाच नव्हता. त्यांच्या गाडीचा खरा आकडा त्यांनी स्वतः चालवली असती तरच निघाला असता. परतीच्या वाटेवर हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

पुढच्या शनिवारी कुंपणापलीकडून हाक आली. गॅरेजमध्ये चार काटे मांडलेले, क्लबकडून मागून आणलेले. जमीन समतल करायला खाली फरशीचे तुकडे. मला म्हणाले, "बस आत." टाकी अर्धी, टायर नवे, तेही त्यांनीच मागवलेले. काट्यावरचे आकडे त्यांना वाचता येत नव्हते, ते मी सीटवरून मोठ्याने सांगत होतो. ते गुडघ्यावर बसून हाताने कडी चाचपायचे, पाना अडकवायचे, अर्धा वेढा फिरवायचे. मग गाडीची नाकाडी दोनदा दाबून सोडायची, आणि पुन्हा आकडे.

मी विचारलं, जाहिरातीचं काय झालं? "ती काढायला सांगितली," म्हणाले. "डावं पुढचं किती?"

एकशे सत्तेचाळीस, मी म्हटलं.

"हेल्मेट घातलंयस ना? तेही धरायचं," ते म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले.